मेलेला कोपरा

हार्ट अटॅकनंतर वाटूरचे भुजंगराव तपासणीला जालन्यात एकटेच आले. बायको चतुराबाई गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "काका, थॅलियम स्कॅनमध्ये हृदयाच्या या कोपऱ्यात रक्त जातच नाही. एमआरआयमध्ये मात्र भरपूर जातंय. एमआरआय परत करू."

"करा ना साहेब, जल्दी करा."

मागच्या वेळी एमआरआयच्या त्या बोगद्यात कोणीतरी आपल्या छातीवर हात ठेवला होता, हे भुजंगरावांनी सांगितलं नाही.

यंत्र सुरू झालं. स्पीकरवरून आवाज आला, "काका, दम रोखा."

तोच ऊबदार हात छातीवर टेकला.

"चतुरा, आलीस का गं?" पुटपुटत त्यांनी तो घट्ट धरला.

हात चतुराबाईंचा नव्हता. आणि आता तो सोडत नव्हता.