एकटीची फेरी

विस्कॉन्सिनमधल्या रेसच्या ट्रॅकवर हौशी माणसांना स्वतःची गाडी पळवायची, तर दोन वाटा होत्या: पैसे घेऊन ट्रॅक खुला करणाऱ्या कंपनीचा दिवस किंवा कारक्लबचा दिवस. एकोणसाठ वर्षांच्या लोर्नाने क्लबात नाव घातलं, तेव्हा तिचा धाकटा भाऊ आर्लन हसत सुटला.

"अगं, कंपनीत पैसे भर, हेल्मेट घाल नि सूट सुसाट! कुणी काही विचारत नाही. क्लबवाले शेजारी मास्तर बसवतात. त्याने तुला एकटीला सोडलं नाही, तर सगळ्यांदेखत नाक कापलं जाईल."

"नापास करणारं कुणी असेल, तिथेच पास होण्यात मजा आहे," लोर्ना म्हणाली.

क्लबाच्या दिवशी सकाळभर शेजारी बसलेला मास्तर रूडी ओरडत होता, "इतक्यात ब्रेक नको, बाई! वळण अजून लांब आहे!" दुपारच्या फेऱ्यांत मात्र तो एकदम गप्प झाला. गाडी आत आणून थांबवल्यावर लोर्नाने विचारलं, "अहो, काहीतरी बोला ना!"

"बोलायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत," म्हणत रूडी पट्टा सोडून खाली उतरला. "जा आता, एकट्या."

कठड्यापाशी आर्लन टोपी उडवत होता, पण तिचं लक्षच नव्हतं. सरळ रस्ता लागताच लोर्नाने ॲक्सिलरेटर पुरता दाबला आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडली. तेहतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. तिथे ओरडायचा हक्क फक्त मागे बसलेल्या पोरांचा होता.