गिरजाबाईचं हिमयुग

चंद्रपूरच्या मे महिन्यात गिरजाबाईचा बुढा गेला. लेक उशाशी बसली होती, पण अग्नी द्यायला पोरगा परदेशातून यायचा होता, म्हणून बुढ्याला बर्फाच्या लाद्यांवर निजवलेलं. त्या उन्हात लाद्या कसल्या टिकतात! हातगाडीवाला आणून आणून दमला.

"पोरगा तिकडं करते तरी काय?" शेजारच्या बेबीकाकूनं विचारलं.

"पुढचं हिमयुग कधी लागते, ते शोधते," गिरजाबाई म्हणाली. "लागायचं होतं दहा हजार वर्षांनी, पण माणसाच्या धुरानं ते लांबलं म्हणते. लागलं का ताडोब्याचे वाघ आपल्या दारी गोधडी मागतीन!"

रडणाऱ्या बायाही पदराआड हसल्या. बुढ्याला तिच्या अशा थापा फार आवडायच्या.

तेवढ्यात पोराचा फोन आला. "आई, परवा हिमयुगावर माझं भाषण आहे. जगभरातून लोक आलेत गं. ते आटोपलं की लगेच निघतो. तोवर बर्फ वाढवा."

"म्हंजे तू निघालाच नाही?"

"आई, समजून घे ना."

गिरजाबाईनं फोन ठेवला. बुढ्याखालचं पाणी ओघळत उंबऱ्यापर्यंत आलं होतं. साऱ्या बाया तिच्याच तोंडाकडे पाहत होत्या.

"तिकडं हिमयुग लागलं, बाया हो," ती म्हणाली. "विमानं उभ्याउभ्या गोठली. पोरगं बिचारं पंखावरचा बर्फ खरवडून रायलं."

या वेळी कोणी हसलं नाही.

तिनं विस्तवाचं मडकं लेकीच्या हाती दिलं. "चाल माय, तूच दे अग्नी. बाप गारठला तुझा."