बिनआवाजाची गाडी

सुनेनं कुणाचं ऐकलं नाही. डिझेलची गाडी तयार मिळत असताना विजेचीच हवी म्हणून तिनं पावसाळाभर घरादाराला ताटकळत ठेवलं, असं यमुनाक्का गावभर सांगत होत्या.

शेवटी गाडी आली. डिझेलच्या वासानं ओकाऱ्या होतात म्हणून बहिणीकडे जायचंच सोडलेल्या नवऱ्याला त्यांनी मागं बसवलं, हनुवटीखाली पिशवी धरली आणि धडधडीच्या धास्तीनं स्वतःचे डोळे गच्च मिटले.

"अगं, सुरू कर की! मुहूर्त बघतीस काय?"

"आत्याबाई, नदीवरचा पूल मागं पडला."

डोळे उघडले तर बाहेर ऊस पळत होता. गाडी होडीसारखी तरंगत निघाली होती आणि नवरा काचेला नाक लावून पोरासारखा बघत होता. यमुनाक्कांनी पिशवीची घडी केली.

"सूनबाई, आजवर मला वाटायचं, या घरात अक्कल मला एकटीलाच आहे."