केदारपर्यंतचं जर्किन

“हात पुढं करा,” कावेरी म्हणाली.

संगमेश्वरनं गाडीचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढं केले. हे चौथं जर्किन होतं.

“बघा. मनगट उघडं पडलं.”

“आक्का, बोटभर हाय ते,” दुकानदार धुळाजी म्हणाला.

“थंडीला आत शिरायला बोटभर लई झालं.”

धुळाजीनं कपाळावर हात मारून घेतला, पण मनातल्या मनात. गेवराईच्या हमरस्त्यावर त्याचं दुकान. ट्रकवाले थांबायचे, ताडपत्री, रेनकोट, कानटोप्या घेऊन जायचे. परदेशी माल आता खुला झालाय म्हणून यंदा त्यानं हिंमत करून मुंबईहून ही कापडी जर्किनं आणली होती. खांद्याला, कोपराला आतून गादी, काढता-घालता येणारं अस्तर. आणल्यापासून एक विकलं नव्हतं. आज सकाळी उमापूरच्या एकाच घरानं दोन मागितली, तेव्हा तो खूश झाला होता.

आता दुपार होत आली होती.

दोनातलं एक लगेच गेलं. कावेरीची सासू दानम्मा हिचं. तिनं लुगड्यावरूनच घातलं, आरशात पाहिलं, “मी तर फौजदारच दिसते की,” म्हणाली, आणि तेच घालून स्टुलावर घाम पुशीत बसली. काढायला तयार नाही. घोळ सगळा उरलेल्या एकाचा होता.

“पर मावशी,” धुळाजी म्हणाला, “एवढ्या लांब फटफटीवर कावून जायचं? रेल्वे हाय की.”

“बंद गाडीत बसले की मला भडभडून येतं बाबा. इष्टीनं गेवराई गाठंस्तवर दोनदा उलटी. उघड्या गाडीवर काय होत न्हाई.” तिनं कपाळावरच्या भस्माला बोट लावलं. “आमच्या मालकांची लई इच्छा होती. काशी, केदार, उज्जैनी, श्रीशैल, रंभापुरी. आपल्या वीरशैवांची पाची पीठं बघायची. किराण्याचं दुकान, दुकान करता करता गेले. आता त्यांच्या वाटचं मलाच बघायचंय.”

दिवाळीला केदारचं दार बंद होणार होतं. गणपती तर उठलेसुद्धा. दारात गाडी वळकटी, स्टो बांधून उभी होती. पण धड जर्किन मिळाल्याशिवाय ती हलणार नाही, असं सुनेनं सांगून टाकलं होतं. आणि सुनेला धड काही दिसतच नव्हतं.

पहिलं काळं, उन्हात तापेल. दुसरं निळं, जड. तिसऱ्याला वारा खेळायला जागा नाही, काशीच्या उन्हात जीव जाईल.

“केदारला थंडी, काशीला ऊन, रंभापुरीला पाऊस,” धुळाजी म्हणाला. “एकाच जर्किनात तिन्ही ऋतू कुठून आणू मी?”

त्यानं वरच्या फळीवरून एक काढलं. “हे घ्या. अस्सल चामडं. जल्मभर हलत न्हाई.”

तिघंही मागं सरकली.

“गळ्यात लिंग हाय रे बाबा,” दानम्मा म्हणाली. “त्याच्यावर चामडं घालून मठात जायचं व्हय?”

धुळाजीनं चामडं परत वर ठेवलं. पाचवं कापडी काढलं.

कावेरीच्या कडेवर तीन वर्षांची रुद्राणी होती, चांगली गुटगुटीत. आल्यापासून तिनं पोरीला खाली ठेवलं नव्हतं. सासूसमोर पंजाबी ड्रेस, हेही धुळाजीनं पाहून ठेवलं. जमाना बदलला. नवरा-बायको उंचीला सारखेच. जोडा शोभत होता. डोकं मात्र बाईचं फिरलेलं.

“दे तिला इकडं,” संगमेश्वर म्हणाला. “हात भरून आला असंल.”

“राहू द्या.” तिनं पाचव्याची चेन वरपर्यंत ओढली. “ही बरोब्बर लिंगावर येतीय. घासंल.”

“मला न्हाई घासत.”

“तुमाला न्हाई घासत म्हणून झालं का?”

संगमेश्वरनं चेन पुन्हा खाली ओढली. धुळाजीला त्याची कीव आली.

“महिनाभर किराणा दुकान बंद का मग, शेठ?”

“छे. चालू राहणार.”

“मग गल्ल्यावर...”

“पोरी, ऊन चढतंय गं,” दानम्मा मधेच म्हणाली.

“हो आत्या. आवो, जरा वाका. पाठ उघडी पडती का बघू. आता वळा. आता परत हात पुढं.”

संगमेश्वर वाकला, वळला, हात पुढं केले. रुद्राणी खदखदा हसली. “बाबा नाचतो!”

धुळाजीचा धीर सुटला.

“आक्का, खरं बोलू? दोष जर्किनात न्हाई. ही गाडी हलावी असं तुमच्याच मनात न्हाई. लेकरू लहान हाय, समजतंय मला. पर मग म्हातारीला तसं सांगा की! माझा माल कशाला नासवता?”

दानम्मानं सुनेकडं पाहिलं आणि हळूच जर्किनची चेन खाली ओढायला लागली.

“काढू नका आत्या,” कावेरी म्हणाली. “ते निळं द्या.”

“मघाशी जड होतं की!”

“द्या.”

संगमेश्वरनं निळं चढवलं. या वेळी तिनं हात पुढं करायला सांगितलं नाही. पैसे दिले, आणि सगळी बाहेर पडली.

म्हातारीला मागं बसवायला हात द्यावा म्हणून धुळाजी पायरी उतरला. बघतो तर संगमेश्वर गाडीजवळ उभा राहून चेन उघडत होता.

“आता काय झालं? माल परत घेणार न्हाई, सांगून ठेवतो!”

संगमेश्वरनं जर्किन काढलं आणि दोन्ही हातांनी उलगडून धरलं. कावेरीनं पोरीच्या केसांचा वास घेतला, तिला नवऱ्याच्या कडेवर दिलं, निळ्या बाह्यांत हात घातले, गाडीवर पुढं टांग टाकली आणि किक मारली.