काळजातली तार

“माझ्या तारेवर धडधडतंय हिचं काळीज.” कुंबियाच्या नाचातलं विल्फ्रिदोचं मिरवणं एलिएसरला अजून टोचायचं. होडी विकून विल्फ्रिदोनं बायकोच्या, लेदिसच्या हृदयाला ठोके देणारं यंत्र बसवलं होतं. तो वारला, यंत्रही पुढे काढलं, काळजात रुतलेली त्याची तार तेवढी राहिली. मग लेदिसशी लग्न करताना एलिएसरनं बजावलं, “त्याचं नाव माझ्या घरात नको.” मेलेल्याची मेणबत्तीसुद्धा ती शेजारणीकडे लावी. आज एमआरआयच्या आधी नर्स म्हणाली, “कानातलं काढा, मावशी. अंगात कुठं धातूबितू?” नवऱ्याकडे बघत लेदिस म्हणाली, “नाही.” एलिएसर सुखावला. नर्स म्हणाली, “बरं झालं. इथं धातू तापतो, आतून भाजून काढतो.” लेदिसचा हात छातीवर गेला, मग ती कानातलं काढू लागली. मेल्यावरही हा माणूस तिचं काळीज धरून बसलाय, एलिएसरला वाटलं. नर्सनं आतलं दार उघडलं. “थांब, पोरी,” तो म्हणाला, “तार आहे तिच्या काळजात. विल्फ्रिदोनं घातलेली.”