लाल जोडा

आज इराचा वाढदिवस, शाळेत गणवेशाला सुटी, आणि आजीनं खास वर्ध्याहून आणलेले लाल बूट घालायला पोरगी काही केल्या तयार नव्हती. बाहेर शाळेच्या व्हॅननं हॉर्न दिला. मोनालीनं बुटात बोटं घालून पाहिली. कुठं काही टोचत नव्हतं, मापही बरोबर होतं.

“कावून रडून राहिली वं? घाल ना जोडा, माय,” सासूबाई नातीला म्हणाल्या. “किती हौसेनं आणला मी तुले!”

“नहीं पहनना जोडा!” शेजारपाजारच्या हिंदीत वाढलेल्या इरानं पाय पोटाशी घेतले.

मोनालीचा पारा चढला. आता सासूबाई हिरमुसणार, आणि पोरीला लाडावून ठेवल्याचं खापर आपल्याच डोक्यावर फुटणार. तिनं एक बूट जबरदस्तीनं चढवला, तशी इरानं तिच्या गळ्याला मिठीच मारली.

“मम्मी, मैं शैतानी नहीं करूंगी. मुझे मत भेजो.”

“अगं, शाळेतच तर जायचंय!”

“शेजारच्या रिंकीदीदीलापण शादीत लाल जोडा घातला होता, तो चमचम लेहंगा-ओढणीवाला. मग सगळे रडले, आणि तिला गाडीत बसवून दिलं. वो वापस ही नहीं आई.”

बाहेर व्हॅननं पुन्हा हॉर्न दिला.