एकच पॅक

“तुला कशाला वेगळा पॅक? बोलायचंच आहे ना, माझ्या फोनवरून बोल,” नेपाळयात्रेला निघण्याआधी मोबाइलच्या दुकानात वामनरावांनी बायकोला गप्प केलं. परदेशातलं नेट महाग, म्हणून ते फक्त स्वतःच्या फोनवर घेतलं. लेकीचे दिवस भरत आले होते, पण यांना प्रवासात कीर्तन चुकवायचं नव्हतं.

पोखऱ्याच्या वाटेवर बसमध्ये त्यांनी कीर्तन लावलं आणि पूर्वरंग संपायच्या आतच ते घोरू लागले.

जावयाच्या फोननं जाग आली. “बाबा, मुलगी झाली! थांबा, व्हिडिओ लावतो.”

व्हिडिओ काही लागेना. नेट संपलं होतं.

“अगं, मला झोप लागली तर बंद नाही का करायचंस?”

“देवाचं चाललेलं मधेच कसं बंद करू?” कुमुदताई म्हणाल्या. “आरतीला हात जोडावेत, तोवर आपोआप पुढचं कीर्तन सुरू!”

मागच्या सीटवरच्या बाईंनी आपलं नेट कुमुदताईंच्या फोनला जोडून दिलं. पडद्यावर लेक दिसली, कुशीत इवलंसं गाठोडं.

“आई, होतीस कुठे? कळा सुरू झाल्यापासून तुला मेसेज करतेय. तुझ्या फोनला नेट नाही?”

“मीच म्हटलं, मला नको,” कुमुदताई हसल्या. “मला मेलीला काय कळतंय त्यातलं!” आणि त्यांनी फोन नवऱ्याकडे वळवला. “अहो, बघा ना. नात बघा.”

वामनरावांना मान वर करवेना.